पोकळ पेटीचं पीयूसी

तुम्ही काय काम करायचा, असं कोणी विचारलं की मी सांगतो, गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायचो. लोक हसतात. हसू दे. पण त्या नळीच्या जोरावर मी डोंबिवलीतल्या भल्याभल्यांना नापास केलंय, आणि एकदा स्वतःही असा नापास झालोय की अजून त्याची टोचणी आहे.

नव्वदच्या दशकात मानपाडा रोडला माझं गॅरेज होतं. मी विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेला. आयटीआय करून दहा-बारा वर्षं दुसऱ्यांकडे कार्बोरेटर धुतले आणि मग स्वतःचं शटर उघडलं. पुढे सरकारने गाड्यांना पीयूसी सक्तीचं केलं. पीयूसी म्हणजे ही गाडी प्रमाणाबाहेर घाण हवेत सोडत नाही असा दाखला. तो देण्याचा परवाना आमच्या भागात पहिल्यांदा ज्यांना मिळाला त्यांच्यात मी होतो. किसन साळवेच्या सहीला एकदम वजन आलं. आईने परवान्याची झेरॉक्स फ्रेम करून घरात लावली. खरा परवाना गॅरेजातच ठेवावा लागतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

माझ्या गॅरेजच्या मागे केमिकलच्या कंपन्या. त्यांच्या चिमण्यांतून कधी पिवळा, कधी पांढरा धूर यायचा, आणि नाल्याच्या पाण्याचा रंग वाराप्रमाणे बदलायचा. त्या चिमण्यांच्या सावलीत बसून मी स्कूटरवाल्यांना हवेचं महत्त्व समजावायचो. चिमणीच्या तोंडापर्यंत माझी नळी पोचत नव्हती.

काम तसं सोपं. गाडी चालू ठेवायची, रेस न करता. नळी मागून आत सरकवायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीएवढं यंत्र, त्यावर आकडा येतो. हा आकडा कार्बन मोनॉक्साइडचा. इंजिनात पेट्रोल नीट जळलं नाही, हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं, की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. मोटारीला तीन टक्क्यांपर्यंत माफी होती, रिक्षा-स्कूटरला साडेचारपर्यंत. त्याच्या वर गेलात की नापास. मग कार्बोरेटरचा स्क्रू फिरवा, प्लग साफ करा, एअर फिल्टर झटका, आणि परत या.

डॉक्टर लिमये माझ्याकडे आले ते अगदी सुरुवातीला. छातीच्या विकारांचे डॉक्टर. दवाखाना माझ्यापासून पाच मिनिटांवर. कंपन्यांच्या धुराविरुद्ध ते स्थानिक साप्ताहिकात दर महिन्याला पत्र लिहायचे, त्यामुळे नावाने मी ओळखत होतो. काळी जुनी गाडी, पण आरशासारखी चमकवलेली. ड्रायव्हर सीताराम शेजारी फडकं घेऊन उभा. मी नळी घातली. आकडा चढत चढत सहाच्या पुढे गेला.

"नापास," मी म्हणालो.

"धूर कुठाय? दाखवा मला."

"डॉक्टर, हा दिसत नाही."

"अहो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही हे तुम्ही मला सांगताय?"

"मी नाही, यंत्र सांगतंय."

ते यंत्राकडे बघत राहिले. मागे पाच-सहा लोक रांगेत होते, सगळ्यांचे कान टवकारलेले. मला वाटलं आता भडकणार. पण ते हसायला लागले. "साळवे, मी वर दवाखान्यात लोकांना विडी सोडा म्हणून ओरडतो, आणि खाली माझीच गाडी दिवसभर ओढत बसलेली असते!"

त्या गाडीला मी तीनदा नापास केलं. इंजिनच झिजलेलं होतं, स्क्रू फिरवून भागणार नव्हतं. 'साळवेने डॉक्टरला पण सोडलं नाही' ही बातमी स्टेशनपर्यंत गेली. तेव्हापासून मी कडक म्हणून प्रसिद्ध झालो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मी शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावायला लागलो.

या कडकपणाचा मार जास्त पडला तो बाळाराम म्हात्रेवर. बाळाराम खाडीकाठचा कोळी. बापाची होडी होती, जाळी होती. खाडीत केमिकलचं पाणी यायला लागलं, मासळी गेली, तेव्हा याने रिक्षा घेतली. त्या काळच्या रिक्षा म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, निळा धूर सोडणाऱ्या. गंमत अशी की तो डोळ्यांत जाणारा निळा धूर माझं यंत्र मोजतच नव्हतं. बाळाराम नापास व्हायचा तो न दिसणाऱ्या वायूमुळे. सकाळी रिक्षा एका किकमध्ये चालू व्हावी म्हणून तो पेट्रोल सढळ सोडून ठेवायचा.

"पाच पॉइंट दोन. नापास," मी म्हणायचो.

"साल्वे, खारीतला मासा ज्यांनी मारला त्यांचे चिमनीला कोन नापास करतं?"

"माझ्याकडे चिमणीचं यंत्र नाही, बाळाराम."

"मंग माझेच गारीला कनाला?"

कनाला म्हणजे कशाला. मी पावतीपुस्तकात डोकं घालायचो.

मग डॉक्टरांनी नवी गाडी घेतली. मुंबईच्या शोरूममधून, पांढरी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेली. तेव्हा मोठ्या शहरांत नव्या गाड्यांना तो सक्तीचा होऊ लागला होता. आमच्याकडे कोणी पाहिलेलाही नव्हता. डॉक्टर गाडी थेट माझ्याकडे घेऊन आले. आम्ही दोघं गाडीखाली आडवे झालो, डॉक्टर कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांनी मला टॉर्च मारून ती पेटी दाखवली.

सायलेन्सरच्या आधी पाइपात बसवलेली स्टीलची बंद पेटी. आत मधाच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक भोकांची एक वीट असते, चिनीमातीसारख्या मालाची. त्या भोकांना आतून प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा अगदी पातळ थर दिलेला. इंजिनातून आलेला गरम, अर्धवट जळलेला धूर त्या भोकांतून जातो आणि राहिलेलं जळणं तिथे पुरं होतं. विषारी मोनॉक्साइड आत शिरतो आणि बाहेर पडताना आपण श्वासातून सोडतो तो साधा वायू होऊन पडतो. कच्च्या पेट्रोलची वाफ पण तशीच जळून जाते. धातू स्वतः खर्च होत नाही, नुसता घडवून आणतो.

"लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखं," डॉक्टर गाडीखालून म्हणाले. "दोघांना भेटवायचं आणि आपण बाजूला."

एकच अडचण. साध्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं घातलेलं असायचं, इंजिनात ठकठक होऊ नये म्हणून. ते शिसं त्या धातूवर जाऊन बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. त्यामुळे या गाडीला बिनशिशाचंच पेट्रोल हवं. आणि ते आमच्याकडे मिळत नव्हतं. सगळ्यात जवळचा पंप ठाण्याला. म्हणजे दर रविवारी सीताराम गाडी घेऊन ठाण्याला जाणार, टाकी भरणार आणि परत येणार. डोंबिवलीची हवा शुद्ध राहावी म्हणून दर आठवड्याला चाळीसेक किलोमीटर जास्तीचं पेट्रोल जळायचं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साळवे, सुरुवात कोणीतरी मूर्खासारखी करावीच लागते."

सात-आठ महिने गेले. एका दुपारी सीताराम एकटाच गाडी घेऊन आला. गाडी आली कसली, रांगत आली. कोपरच्या पुलावर चढता चढता मागच्या सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं म्हणे. मी प्लग बघितले, पेट्रोलची लाइन बघितली, सगळं ठीक. इंजिनाचा धूर बाहेरच पडत नव्हता, मागे कुठेतरी कोंडत होता. डिकीत पाना शोधायला गेलो तर कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पत्र्याचं नरसाळं. बिनशिशाच्या गाडीच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलं असायचं. साध्या पेट्रोलची जाड नळी त्यात शिरत नसे. नरसाळं मात्र शिरतं, आणि त्यातून गेलेल्या शिशाने पेटीतली भोकं बुजली होती.

मी ते नरसाळं हातात धरून सीतारामकडे बघितलं. साठीला आलेला माणूस, डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरात. खालीच बसला.

"खडवलीला आई आहे माझी," तो म्हणाला. "अंथरुणाला खिळलीय. रविवारी ठाण्याला म्हणून निघायचो आणि खडवलीला जायचो. तिला आंघोळ घालायचो, भरवायचो. येताना कल्याणला टाकी भरायचो. डॉक्टर रोज सायंकाळी मीटर बघतात. ठाण्यापेक्षा खडवली लांब, म्हणून अर्ध्या वाटेत गाडी उभी करून पुढे मिळेल त्याने जायचो."

"अहो, मग डॉक्टरांना सांगायचं ना. सुट्टी दिली असती."

"आधी सांगायला हवं होतं. आता काय सांगू? चार महिने खोटं बोललोय. त्या पेटीवर त्यांचा केवढा जीव आहे, तुम्हाला माहीत आहे. मला काढतील ओ, साळवे. या वयात मला कोण ठेवणार?"

नवी पेटी मुंबईहून मागवावी लागणार, आणि किंमत एखाद्या सेकंडहँड स्कूटरएवढी. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ते होणं शक्य नव्हतं. पण गाडी चालती करायला दुसरा एक रस्ता होता, आणि तो कुठल्याही मेकॅनिकला न शिकवता सुचतो. मी पेटी उतरवली, तिचं तोंड कापलं, आणि आतली ती हजारो भोकांची वीट पहारीने फोडून काढली. राखाडी तुकडे पडले. बादलीभर पण नाही. तोंड परत वेल्डिंग केलं, पेटी जागेवर चढवली. खालून बघणाऱ्याला पेटी जशीच्या तशी.

गाडी भुर्रकन निघाली. मी नळी घालून बघितली. कार्बोरेटर मी नीट बसवला होता, आकडा आला एक पॉइंट चार. तीनच्या किती तरी खाली. कायद्याने पास! कायदा नुसता थांबलेल्या गाडीचा आकडा विचारत होता, पेटीत काय आहे हे विचारत नव्हता. रस्त्यावर वेगात धावताना ती गाडी काय सोडत होती, ते मोजायची सोयच नव्हती. मी फॉर्म भरला, खिशातलं पेन काढून सही केली. दोन पेनांपैकी निळं होतं की काळं ते आठवत नाही, पण सही झाल्यावर ते परत खिशाला नीट अडकवलं हे नक्की आठवतं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. "साळवे, काय जादू केलीत हो! गाडी कशी पळतेय!"

"साफसफाई केली थोडी," मी म्हणालो.

इथवर ठीक होतं. एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी वाचवली, असं मी स्वतःला सांगत होतो आणि मला ते पटतही होतं. पण डॉक्टरांच्या डोक्यात काही तरी नवंच आलं. दवाखान्याच्या आवारात त्यांनी रिक्षावाल्यांसाठी कार्यक्रम ठेवला. वायुप्रदूषण आणि आपण. खुर्च्या, माइक, बटाटेवडे. स्टँडवरचे तीसेक रिक्षावाले आले, वड्यांसाठी आले असतील, पण आले. मला डॉक्टरांनी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसवलं.

डॉक्टर चांगलं बोलले. मग त्यांनी सीतारामला गाडी चालू करायला सांगितलं आणि पांढराशुभ्र रुमाल सायलेन्सरच्या तोंडावर धरला. मिनिटभराने रुमाल उंच करून दाखवला. पांढराच! "ही त्या पेटीची करामत," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. सीताराम स्टिअरिंगवर मान खाली घालून बसलेला.

मागच्या खुर्चीवरून बाळाराम उठला. "डॉक्टर, एक इचारू? तुमचे गारीचा आवाज पोकला येतं. रिकामा डबा वाजतं ना, तसा."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. पण मी हसलो नाही. दिवसभर इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्या माणसाचा कान होता तो, आणि बरोबर होता. आत वीट नसली की पेटी घुमते.

"साळवे, तुम्ही सांगा यांना," म्हणत डॉक्टरांनी माइक माझ्या हातात दिला.

मी उभा राहिलो. समोर तीस रिक्षावाले, ज्यांतल्या निम्म्यांना मी कधी ना कधी नापास केलेलं. मला खरं सांगता आलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "नवीन टेक्नॉलॉजीच्या गाड्यांचा आवाज असाच असतो. आपल्या कानांना सवय नाही अजून."

टाळ्या! बाळाराम खाली बसला. वाद घातला नाही. मग वडा तसाच कागदात गुंडाळून निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्याचं पीयूसी संपलं म्हणून तो आला. मी नळी घातली. चार पॉइंट सात. दोन दशांश वर. माझ्या मनात त्या कार्यक्रमाचं होतंच. मी हळूच म्हणालो, "जाऊ दे रे, चार पॉइंट चार लिहितो."

"नको."

"अरे, पास करतोय तुला."

"जे आलाय तेच लिव. मना तुजी मेहेरबानी नको." त्याने माझ्यादेखत पाना काढला, स्क्रू फिरवला, प्लग घासला, अर्धा तास घाम गाळला आणि परत नळी घालायला लावली. चार पॉइंट एक. मी सही केली. कागद घेताना तो म्हणाला, "हा खरा हाय ना?"

त्या दिवशी दुपारी मी शटर ओढलं आणि दवाखान्यात गेलो. कंपाउंडरकडे नंबर लावून बसलो, चौदावा. आजूबाजूला सगळे खोकणारे. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "तुम्हाला पण दमा का?" मी म्हटलं, "नाही, माझं दुसरं आहे."

डॉक्टरांनी सवयीने स्टेथोस्कोप कानाला लावला. मी म्हणालो, "डॉक्टर, पेटी रिकामी आहे. मी फोडली."

त्यांनी तो कानातून काढायला बराच वेळ लावला. "म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी?"

"रिकामीच होती."

"आणि तुम्ही माइकवर बोललात."

"हो."

"सीतारामने साधं पेट्रोल भरलं?"

"ते मला विचारू नका."

"म्हणजे भरलं." त्यांनी टेबलावरचं पॅड बाजूला सारलं. मग घंटी वाजवून म्हणाले, "पुढचा पेशंट." मला वाटलं, संपलं.

सीतारामने त्याच संध्याकाळी स्वतःहून सगळं सांगितलं, असं मला नंतर कळलं. डॉक्टर त्याच्यावर एवढे ओरडले की दवाखान्यातले पेशंट उठून उभे राहिले. पण ओरडले ते पेट्रोलसाठी कमी, आई आजारी असल्याचं लपवलं म्हणून जास्त. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खडवलीला जाऊन म्हातारीला तपासून आले. रविवार सीतारामला सुट्टी मिळाली, आणि ठाण्याला पेट्रोल भरायला डॉक्टर स्वतः गाडी चालवत जाऊ लागले.

आठवड्याभराने त्यांनी रिक्षावाल्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी माइक नाही, वडे नाहीत, तरी पंधरा-वीस जण आले. मलाही निरोप होता. गाडीला मुंबईत नवी पेटी बसवून आणली होती, आणि मी फोडलेली जुनी टेबलावर ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला हा रिकामा डबा दाखवून टाळ्या घेतल्या. आत काय आहे ते न बघता बोललो. बाळाराम म्हात्रे बरोबर होते, मी चुकलो."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उठायचं की नाही ते माझ्यावर सोडलं होतं. मी उठलो. "पेटी मी फोडली. आणि आवाजाबद्दल खोटं बोललो ते पण मीच."

बाळाराम पुढे आला, ती पेटी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली आणि पलीकडच्या तोंडातून माझ्याकडे बघितलं. "दिसतंय सगला," तो म्हणाला. या वेळी हसले ते सगळे माझ्यावर, आणि मला हायसं वाटलं.

आता माझा धंदा बसणार, असं मी धरून चाललो होतो. चार लोकांसमोर कबूल केलेलं, गावभर झालं होतं. आणि खरंच, दोन-तीन दिवस कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी एक नवी गाडी आली. मग दुसरी. डोंबिवलीत एव्हाना अशा बऱ्याच गाड्या झाल्या होत्या. गाडीवाले शटरच्या आत येऊन, आवाज खाली करून बोलायचे. डॉक्टरांच्या गाडीला केलं तसं आमच्या गाडीला पण करून द्या. गाडी जाम पळते म्हणे, आणि ठाण्याला जायची कटकट पण नाही. मी नाही म्हणायचो. ते निघून जायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच गाडीचा घुमणारा आवाज मला रस्त्यावरून ऐकू यायचा. नाक्यापलीकडच्या गॅरेजवाल्याने तर पहारच नवी घेतली होती.

एक बँकेतले साहेब मात्र दोनदा येऊन गेले. सफारी सूट, कपाळाला गंध, बोलणं अगदी मृदू. तिसऱ्यांदा आले तेव्हा पेटी आधीच बाहेरून फोडून आणली होती.

"मग आता माझ्याकडे काय काम आहे?" मी विचारलं.

"पीयूसी हवंय."

"तिकडच्यांनीच दिलं असतं की."

"देत होते ना," साहेब म्हणाले. "पण मीच म्हटलं नको. सही तुमचीच पाहिजे. तुम्ही खरं बोलणारे आहात असं ऐकलंय."

मी नळी घातली. आकडा आला एक पॉइंट सहा. कायद्याने पास. मी सही केली.